मागची वायर व्हील्स आणि हब : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची मागची दोन वायर व्हील्स (तारांच्या स्पोकची चाके) बदलून आता अकरा महिने झाले. त्यांपैकी पहिले चार महिने मी नवी चाके जुन्याच हबवर, म्हणजे चाक ज्या दातेरी मध्यभागावर बसते त्यावर, चालवली आणि ती चूक मला महागात पडली. जुन्या चाकांच्या आतल्या, हबचे दात बसतात त्या खाचा झिजल्या होत्या, म्हणून चाके बदलली. हबवरचे दात मात्र पुसल्यावर चकाकत होते, त्यामुळे ते चांगले आहेत असे मी धरून चाललो. चकाकी पाहून काहीही कळत नाही, दाताचा माथा पाहावा लागतो. धड हबवर तो सपाट असतो, तर झिजलेल्या हबवर निमुळता होत जातो आणि शेवटी त्याला करवतीसारखी धार येते. माझ्या हबचे दात करवतीच्या वाटेला लागलेले होते.

चौथ्या महिन्यात रिव्हर्स टाकून क्लच सोडताना मागून 'टक्' असा आवाज येऊ लागला. आधी संशय प्रॉपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटवर गेला, पण खरी परीक्षा सोपी आहे. पुढच्या चाकांना अडण लावून मागचा भाग उचलावा, गाडी स्टँडवर टेकवावी, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि रिम दोन्ही हातांनी धरून चाक मागेपुढे फिरवून पाहावे. त्याच वेळी एक बोट मागच्या बाजूने चाकाचा मध्यभाग आणि ड्रम यांच्या सांध्यावर ठेवावे. ड्रम जागचा हलत नसताना चाक हलले, तर ती झीज स्प्लाइनची, म्हणजे या दात-खाचांचीच. पुढच्या चाकांनाही हीच तपासणी लागू पडते, फक्त तिथे बेअरिंग आणि किंगपिनचा (पुढचे चाक ज्या खिळीभोवती वळते तिचा) ढिलेपणा वेगळा ओळखावा लागतो. ब्रेक दाबल्यावर बेअरिंगचा खेळ बहुधा नाहीसा होतो, किंगपिनचा राहतो.

चाक काढले तेव्हा ग्रीस विटकरी रंगाचे झाले होते. बोटांत चोळल्यावर त्यात बारीक भुकटी लागत होती. लोखंडावर लोखंड सूक्ष्म हालचालीने घासत राहिले की हीच भुकटी तयार होते, म्हणून चाक काढल्यावर ग्रीस पुसण्याआधी त्याचा रंग बघायची सवय मी आता लावून घेतली आहे. चार महिन्यांत नव्या चाकांच्या खाचांवरही हबच्या दातांचे वळ उमटले होते. त्यामुळे हब तर बदललेच, शिवाय दोन्ही चाकेही पुन्हा घ्यावी लागली.

नवे हब मागवताना आटे जुळवून घ्यावेत. सुरुवातीच्या एमजीबीच्या हबवर इंचाला 12 आटे असतात आणि नंतरच्यांवर 8, त्यामुळे चाक मध्यभागी आवळणारा नटही त्याच जोडीचा लागतो. बाजूंची अदलाबदल तर मुळीच चालत नाही. डाव्या बाजूचे आटे सुलटे (घड्याळाच्या दिशेने घट्ट होणारे) आणि उजव्या बाजूचे उलटे असतात, म्हणजे दोन्हीकडे चाक पुढे फिरते त्या दिशेने नट सैल होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उफराटे वाटते, पण चाकाची निमुळती बैठक नटाच्या आत किंचित सरकत फिरते आणि नटाला घट्ट होण्याच्या दिशेनेच ढकलत राहते. हब उलटसुलट लागले, तर हीच क्रिया नट सोडवू लागते. चाक मध्यावर धरून ठेवण्याचे काम या निमुळत्या बैठकांचे आहे, दातांचे काम फक्त ताकद पोहोचवण्याचे. म्हणून बैठकींवरचे ओरखडेही तितक्याच काळजीने पाहावेत.

स्पोकची तपासणी कानाने होते. छोट्या पान्याने एकेक स्पोक हलकेच वाजवत गेले की ताणलेला स्पोक खणखणतो आणि सैल किंवा तुटलेला बद्द वाजतो. माझ्या 60 स्पोकच्या चाकांत सहाव्या महिन्यात एकच स्पोक बद्द निघाला. टायर चढलेला असताना निपल (स्पोक ताणणारा रिमवरचा छोटा नट) आवळण्याचा मोह मी टाळला, कारण पुढे आलेले स्पोकचे टोक आतून ट्यूबला भोक पाडू शकते.

हब आणि चाके एकत्र बदलल्याला सात महिने झाले. दात आणि बैठका दोन्हींना ग्रीस लावून चाके बसवली, पहिल्या काही फेऱ्यांनंतर तांब्याच्या हातोड्याने नट पुन्हा ठोकले आणि तेव्हापासून दर दोन महिन्यांनी चाके उतरवून पाहतो. गेल्या आठवड्यात काढली तेव्हा ग्रीसचा रंग लावला तसाच होता आणि ब्रेक दाबून चाक हलवताना सांध्यावरच्या बोटाला काहीच जाणवले नाही.