जुन्या 1000 लिटरच्या आयबीसी टाक्या: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

छतावरचं पावसाचं पाणी बागेसाठी साठवायचं म्हणून दोन सेकंडहॅन्ड आयबीसी टाक्या घेतल्या होत्या, त्या लोखंडी पिंजऱ्यातल्या पांढऱ्या चौकोनी असतात ना, खाली पॅलेट आणि तळाशी दोन इंची व्हॉल्व्ह, त्याच. आता आठ महिने झालेत. एक टाकी एक नंबर निघाली, दुसरीने जाम डोकं खाल्लं, आणि घेताना दुसरीच जास्त चकाचक दिसत होती.

पहिलीवर लेबल शाबूत होतं, आत ग्लिसरीन होतं. तळाशी थोडा चिकट थर होता पण ग्लिसरीन पाण्यात विरघळतं त्यामुळे तीनदा धुतल्यावर स्वच्छ झाली. दुसरीचं लेबल खरवडून काढलेलं, फक्त गोंदाचे डाग राहिलेले. विकणारा म्हणाला साबणाचं काहीतरी होतं, धुऊनच देतोय. मी मान्य केलं आणि तिथेच फसले. घरी आणून पाणी सोडलं तर फेस वरच्या तोंडापर्यंत, सात वेळा धुतली, फेस गेला पण उन्हात टाकी तापली की अजून उग्र वास येतो. हे प्लास्टिक एचडीपीई असतं, काही रसायनं त्याच्या भिंतीतच मुरतात आणि मग हळूहळू पाण्यात उतरत राहतात, ते धुण्याने जात नाही. झाडांना ते पाणी घालायची माझी हिंमत होत नाही, फक्त अंगण धुवायला वापरते. त्यामुळे आधी काय भरलं होतं ते लेखी कळत नसेल तर टाकी फुकट मिळाली तरी घेऊ नका, आणि पिण्यासाठी तर जुनी टाकी नकोच.

वय बघायला विसरू नका. पिंजऱ्यावरच्या पत्र्यावर 31एचए1 ने सुरू होणारा कोड असतो, त्यातच बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. प्लास्टिकवरही घड्याळासारखी गोल खूण असते, मध्ये वर्ष आणि बाण महिन्याकडे. धोकादायक द्रव नेण्यासाठी अशी टाकी साधारणपणे बनल्यापासून 5 वर्षंच चालते, म्हणून बऱ्याच टाक्या त्यानंतर बाजारात येतात. पाण्यासाठी त्याहून जुनी चालेल, पण वर्षानुवर्षं उन्हात पडलेली नको, प्लास्टिक ठिसूळ होतं.

आता व्हॉल्व्ह, सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. पहिल्याच आठवड्यात थेंब थेंब गळायला लागला. मी टेफलॉन टेपचे वेढे मारत बसले, तरी गळतंच, शेवटी आडवी पडून टॉर्च लावून बघितलं तर आतल्या वायसरला केसाएवढी चीर. या आट्यांमध्ये सील वायसरच करतो, टेपचा काही उपयोग नाही. वायसर बदलला, पाच मिनिटांत गळती बंद. आणि ते आटे जाड असतात, नेहमीचा नळ बसत नाही, 60 मिलिमीटरच्या जाड आट्याचं अडॅप्टर लागतं, ते टाकीबरोबरच मागून घ्या.

शेवाळाचं सांगायचं राहिलं. पांढऱ्या टाकीतून उजेड आत जातो, दीड महिन्यात पाणी हिरवं झालं आणि ठिबकच्या नळ्या तुंबल्या. टाकी रिकामी करून घासली, बाहेरून जाड काळं कापड गुंडाळलं, त्यानंतर परत झालेलं नाही.

वजनाचा अंदाज आधी घ्या, 1000 लिटर म्हणजे पाण्याचंच एक टन, वर रिकाम्या टाकीचे साठेक किलो. माझी नुसत्या मातीवर ठेवली होती, पावसात एका बाजूने खचली, मग रिकामी करून खाली काँक्रीटचे ब्लॉक टाकावे लागले. पंपाने पाणी काढताना वरचं झाकण सैल करायचं, नाहीतर आत हवा येत नाही आणि टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात, माझ्या एका टाकीला असा खोलगट पोचा आलाय तो अजून तसाच आहे.

पहिल्या टाकीसारखी अजून एक मिळाली तर लगेच घेईन, लेबल बघून. दुसरीचा पिंजरा चांगला आहे, त्यात फक्त आतली नवीन बाटली, म्हणजे प्लास्टिकची टाकी, बसवून मिळते असं कळलंय, त्याची चौकशी चालू आहे.