रहस्यकथा लेखनाच्या कार्यशाळेत ८४,२९९ रुपये कसे गेले

आकडा आधीच सांगते. ८४,२९९ रुपये. नोंदणी ४९९, कार्यशाळा ११,८००, हस्तलिखिताचं मूल्यमापन ७,५००, संपादन १८,०००, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) ४,५००, कॉपीराइट ६,००० आणि तीनशे प्रतींच्या छपाईचा आगाऊ ३६,०००. एकरकमी मागितले असते तर कुणी दारात उभं केलं नसतं. ४९९ पासून सुरू करून माणसाला पुढे कसं ओढत नेतात ते तुम्हाला माहीतच आहे.

९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन साताऱ्यात ठरलं आणि या कार्यशाळावाल्यांना आयतं गिऱ्हाईक मिळालं. "तुमच्या कादंबरीचं प्रकाशन संमेलनाच्या मांडवात," असं तोंडभरून सांगितलं जात होतं. संमेलनाचा यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता. पण साताऱ्यात भर वस्तीतला हॉल, फळ्यावर शिकवणारे सर, छापील पावती हे सगळं समोर असताना संशय कशाचा घ्यायचा? सांगलीहून येणाऱ्याला गुन्हेकथा शिकायची दुसरी सोय कुठे आहे? हव्यासापोटी नाही, शिकायला म्हणून पैसे भरले होते.

पावतीचं मात्र ऐका. ११,८०० मधले १,८०० जीएसटी म्हणून घेतले आणि पावतीवर जीएसटी क्रमांकच नाही. नोंदणी नसलेल्याला तो कर घेताच येत नाही. क्रमांक १५ अंक-अक्षरांचा असतो, पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. पैसे देण्याआधी टाकून बघा.

आता शिकवलं काय ते. नोट्स परदेशी पुस्तकांतून उचललेल्या. त्यांत कॉरोनर (मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी), ज्युरी, वॉरंट घेऊन फिरणारा डिटेक्टिव्ह. आपल्याकडे मृतदेह सापडला की पोलीस इन्क्वेस्ट पंचनामा (मृतदेहाच्या पाहणीची लेखी नोंद) करतात, पंच बोलावतात, मग शवविच्छेदन. तपास ठाण्याचा अधिकारी नाहीतर स्थानिक गुन्हे शाखा करते. खुनाला जुन्या दंड संहितेचं कलम ३०२ लिहायला सांगितलं होतं. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं १०३ लागतं. शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टरसमोर कबुली आणि खटला संपला, हा त्यांचा आवडता शेवट. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यातून कोयता सापडला तर तेवढाच भाग चालतो. कादंबरीचा कळस ज्यावर उभा करायचा तेच चुकीचं!

मृत्यूची वेळ काढायचं कोष्टकही थंड हवेचं. प्रेताची ताठरता बारा तासांत येते, बारा तास राहते, बारा तासांत जाते. सांगलीच्या मे महिन्यात ती लवकर येते आणि लवकर जाते, आणि बाहेरची हवाच चाळिशीला टेकली असेल तर प्रेत थंड कुठून होणार? प्रेत तासाला अमुक अंश थंड होतं हा हिशेब तिथे निरुपयोगी.

जे शिकवायला हवं होतं ते कुणी शिकवलंच नाही. आधी खुन्याचं वेळापत्रक तासातासाने लिहायचं, तपास मागाहून. प्रत्येक धाग्याची वही ठेवायची: कुठल्या प्रकरणात दिसला, कुणी पाहिला, त्याचा चुकीचा अर्थ कुणी लावला, उलगडा कुठे. वाचकाला न दाखवलेला धागा शेवटी काढला तर वाचक पुस्तक भिंतीवर फेकतो. मोबाईलच्या सीडीआरवरून, म्हणजे कॉलच्या नोंदींवरून, टॉवर कळतो, घर कळत नाही. गावाकडे एका टॉवरखाली कित्येक वस्त्या येतात. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग हार्ड डिस्क भरली की पुसलं जातं, म्हणून पोलीस उशिरा पोचले तर फुटेज नाही. असल्या गोष्टींवर कथा उभी राहते.

आणि तो मूल्यमापन अहवाल. ७,५०० रुपयांचा. त्यात लिहिलं होतं, "अठराव्या प्रकरणातली कलाटणी अत्यंत परिणामकारक." हस्तलिखितात प्रकरणं चौदा! तिथेच सगळं कळायला हवं होतं. विचारलं तर म्हणाले, "टायपिंगची चूक आहे, ताई," आणि त्याच संध्याकाळी संपादनाचे १८,००० मागितले. स्तुती वाचताना माणूस प्रकरणं मोजत बसत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तो कागद आजही समोर आला की अंगाची लाही होते. अहवालात तुमच्या पात्राचं नाव, पान क्रमांक आणि एक तरी ठोस खोट नसेल तर पुढचा रुपया देऊ नका.

तीनशेपैकी प्रती आल्या वीस. श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये फाईल आणताना रफार आणि जोडाक्षरं फुटलेली, कुणी प्रूफ वाचलेलंच नाही. १८,००० चं संपादन ते हेच. मागे छापलेला आयएसबीएन बनावट. तपासायची रीत सोपी आहे: तेरा अंक घ्या, पहिल्याला १ ने, दुसऱ्याला ३ ने, पुन्हा १, पुन्हा ३ असं गुणत जा, बेरजेला १० ने भाग गेला पाहिजे. याला गेला नाही. शिवाय आयएसबीएन आपल्या देशात सरकारकडून फुकट मिळतो. साहित्यकृतीच्या कॉपीराइट नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये, आणि नोंदणी केली नाही तरी हक्क लेखकाचाच असतो.

मग सांगलीचं पोलीस ठाणं. "ताई, हा दिवाणी मामला आहे." त्यांनी सातारला जा म्हटलं, तिथले म्हणाले पैसे सांगलीतून गेले, तिकडेच जा. हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवायची, तो झिरो एफआयआर कायद्यात आहे ना? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवलं तर साहेब बंदोबस्तात. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, हा सायबर गुन्हा नाही. बँकेचंही तेच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदली, समोरच्याने "सेवा दिली आहे" एवढं कळवलं आणि तक्रार बंद! एकानेही तो अहवाल हातात घेऊन वाचला नाही. चौदा आणि अठरा एवढंच वाचायचं होतं. फसवणुकीला न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि टेबलापलीकडचा माणूस विचारतो, "पुस्तक तर मिळालं ना?"

ठाण्यात घेतलं नाही तर तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपा, तरी हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते, मुदत दोन वर्षं. माझी तक्रार तिथे दाखल आहे.

याच कार्यशाळेला पैसे भरलेल्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडू नका, आधी चॅट एक्स्पोर्ट करा. सही केलेला कागद नीट वाचा: तुमच्या सहीच्या लेखी कराराशिवाय हक्क कुणाकडे जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. हस्तलिखित ज्या मेलने पाठवलं तो मेल पुसू नका. कथा उद्या दुसऱ्याच्या नावावर छापून आली तर त्या तारखेशिवाय तुमच्या हातात काही नसेल.