भर चौकातलं नवं हॉटेल: जागा एक नंबर, बिल्डिंगवर मात्र वाद

उघडल्यापासून यावर लोकांचं भांडण चालूच आहे, अर्धे म्हणतात काचेचा डबा आणून ठेवलाय, अर्धे खाली उभं राहून सेल्फी काढतायत. मी एक रात्र राहून आलो. काचेवरून ओरडणारे अगदीच चुकीचे नाहीत, संध्याकाळचं ऊन काचेवर आपटून थेट समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांत घुसतं. तरी नशीब काच सपाट आहे, लास वेगासच्या व्हडारा हॉटेलची भिंत आतल्या बाजूला वळलेली, तर 2010 मध्ये तिथे स्विमिंग पूलजवळ ऊन एका जागी गोळा होऊन लोकांना चटके बसत होते!

पण माझा खरा राग तळमजल्यावर आहे. फुटपाथच्या बाजूला ना दुकान ना खिडकी, नुसती राखाडी भिंत, पार्किंगचा रॅम्प आणि एसीची गरम हवा फेकणारी जाळी. आणि गाड्या थांबायला आत जागाच नाही म्हणून टॅक्सीवाले रस्त्यातच थांबतात, मागे हॉर्नचा नुसता कल्ला. चालणाऱ्याने जायचं कुठून?

लोकेशन मात्र तोडच नाही, स्टेशन, बाजार, ऑफिसं सगळं चालत. डबल काचेमुळे वर आवाज जवळपास शून्य, झोप मस्त लागली. फक्त बेड आणि बाथरूमच्या मधे पारदर्शक काच कोणाच्या डोक्यातून आली काय माहीत, पडद्याचं बटणही बाहेर बेडपाशी, म्हणजे कंट्रोल दुसऱ्याच्या हातात. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर आधी फोन करून विचारा. तीन स्टार.