९६ वेलच्या पीसीआर प्लेटची पारख चार कोपऱ्यांवर होते

संत्र्याच्या झाडाला ग्रीनिंग (जिवाणूंमुळे होणारा रोग) झालंय की नुसती जस्ताची कमतरता आहे, हे पिवळ्या पानाकडे पाहून खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून वरूड-शेंदुरजनाघाट पट्ट्यातल्या रोपवाटिकांना मातृवृक्षाच्या पीसीआर चाचणीचं (तापवण्या-निववण्याच्या फेऱ्यांत डीएनएच्या प्रती वाढवून जिवाणू ओळखण्याचं) मोल आहे. रोगट झाड निरोगी ठरलं, तर त्याचे डोळे जंबेरीच्या शेकडो खुंटांवर चढतात. पानाचा देठ आणि मधली शीर नीट घेतली, डीएनए चांगला निघाला, तरी निकाल शेवटी २० मायक्रोलिटर द्रवावर उभा असतो. तो द्रव ज्यात राहतो ती ९६ छोट्या खळग्यांची, म्हणजे वेलची, प्लेट मात्र खरेदीच्या यादीत सगळ्यात खाली, ‘स्वस्त असेल ती’ म्हणून लिहिली जाते. असं करू नका.

बाजारात मुख्यतः दोन बांधणीच्या प्लेट मिळतात. पहिली अखंड पॉलिप्रॉपिलीनची. दुसरीत वेल पॉलिप्रॉपिलीनचे, पण चौकट कडक पॉलिकार्बोनेटची. पहिली स्वस्त पडते, पण ९५ अंशांच्या फेऱ्यांनी चौकट मुरडते. बऱ्याच यंत्रांचं झाकण १०५ अंशांपर्यंत तापतं आणि वरून दाबही देतं. मुरडलेली प्लेट मध्ये बसते, कोपऱ्यांत उचलली जाते. तिथं वेल झाकणारी चिकट फिल्म सुटते, वाफ निघून जाते.

रन संपल्यावर प्लेट उजेडाकडे तिरपी धरून पाहा. खराब प्लेटमध्ये ए१, ए१२, एच१ आणि एच१२ या कोपऱ्यांच्या वेलमधली पातळी शेजाऱ्यांपेक्षा खाली गेलेली दिसते, फिल्मच्या आतून बारीक थेंब चिकटलेले असतात. २० चे १७ मायक्रोलिटर उरले, तर ३ मिलिमोलर मॅग्नेशियम साधारण ३.५ वर जातं. बाकी क्षारही तसेच दाट होतात, सीटी (ज्या फेरीत सिग्नल दिसू लागतो तो आकडा) सरकतो. कमी जिवाणू असलेला नमुना अशा वेळी ‘निगेटिव्ह’ म्हणून निसटू शकतो. त्यात सवयीनं पॉझिटिव्ह कंट्रोल (रोग असल्याचं आधीच माहीत असलेला नमुना) ठेवला जातो एच१२ मध्ये, म्हणजे नेमका सगळ्यात कमकुवत जागी. कंट्रोल आतल्या वेलमध्ये ठेवा.

नवी लॉट (एकाच वेळी बनलेला माल) आली की नमुने घालण्याआधी अर्धा दिवस तिला द्या. सर्व वेलमध्ये २० मायक्रोलिटर पाणी भरा (एकूण १.९२ ग्रॅम), फिल्म लावा, वजन घ्या, ४० फेऱ्या चालवा, पुन्हा वजन घ्या. पण एकूण वजनातली घट फसवी असते. कारण आतले वेल ठीक असले की कोपऱ्यांचं नुकसान त्यात बुडून जातं. म्हणून प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून थेंब खाली आणा आणि चार कोपरे व मधला डी६ पिपेटनं मोजा. कोपऱ्यात १८ पेक्षा कमी निघालं, तर आमच्या मते ती लॉट परत करावी. लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवा. एकाच पुरवठादाराच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो.

पुष्कळदा दोष प्लेटचा नसतो, फिल्म लावण्याचा असतो. पावसाळ्यात बर्फावरची प्लेट बाहेर काढली की वेलच्या काठांवर दव जमतं, मग गोंद धरत नाही. बर्फावर ठेवण्याआधीच फिल्म लावा. पट्टीनं आधी मधून, मग ओळींवर आडवं-उभं, शेवटी चारही कडांवर जोर देऊन दाबा. दाबून झाल्यावर फिल्मवर ९६ वर्तुळं उमटलेली दिसली पाहिजेत. एकही पुसट असेल तर तिथं पुन्हा दाबा. मग सेंट्रिफ्यूजमध्ये १००० जी वर (गुरुत्वाच्या हजारपट जोरानं) एक मिनिट फिरवा, म्हणजे बुडबुडे निघतील. रिअल-टाइम चाचणीला (फेऱ्या चालू असतानाच प्रकाशानं प्रती मोजणाऱ्या) पारदर्शक ऑप्टिकल फिल्मच हवी, आणि तिच्यावर ग्लोव्हजचे ठसे नकोत.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतो आणि पार्सल कुरियरच्या गाडीत दुसऱ्या खोक्यांखाली दाबलेलं असतं. त्यामुळे उन्हाळ्याचा साठा मार्चमध्येच मागवा. खोकं आल्यावर प्लेट सपाट टेबलावर ठेवून कोपऱ्यावर बोट टेकवा. डुगडुगली तर ती वापरू नका. फिल्मही सावलीत ठेवा, गोंद उष्णतेनं बिघडतो. कोरड्या हवेत पिशवीतून काढलेल्या प्लेटवर स्थिर वीज असते आणि वाटलेल्या पानाची भुकटी तिच्याकडे ओढली जाते. पान वाटायची आणि प्लेट भरायची जागा वेगवेगळी असू द्या.

माप जुळवूनच घ्या. ०.१ मिलिलिटरची बुटकी प्लेट ०.२ च्या ब्लॉकमध्ये बसल्यासारखी दिसते, पण झाकण तिला नीट टेकत नाही. कापलेला कोपरा आणि स्कर्टही (प्लेटच्या कडेनं खाली उतरणारी पट्टी) यंत्राला मानवतील असेच पाहा. पांढऱ्या वेलनं रिअल-टाइममध्ये सिग्नल वाढतो, मात्र बाजूनं पातळी दिसत नाही, त्यामुळे एखादा वेल रिकामा राहिला तरी कळत नाही. साध्या जेल-पीसीआरला (ज्यात प्रती शेवटी जेलवर पाहतात) पारदर्शक पुरते.

पूर्ण प्लेटसाठी मास्टर मिक्स (डीएनए सोडून बाकी सगळ्याचं मिश्रण) १०५ प्रतिक्रियांचं करा: प्रत्येकी १८ मायक्रोलिटर म्हणजे १,८९० मायक्रोलिटर, वर २ मायक्रोलिटर डीएनए. एका वेळी २०-३० नमुनेच येत असतील तर स्कर्ट नसलेली, कापता येणारी प्लेट किंवा ८ नळ्यांच्या पट्ट्या घ्या. अर्धवट भरलेल्या ब्लॉकमध्ये कडेला रिकाम्या पट्ट्या ठेवा, नाहीतर झाकणाचा सगळा दाब मोजक्याच नळ्यांवर येऊन त्या चेपतात.

प्लेट धुऊन पुन्हा वापरू नका. रन झाल्यावर रिअल-टाइम प्लेटची फिल्म उघडू नका, त्याच खोलीत ऑटोक्लेव्हही (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक) करू नका. आतल्या कोट्यवधी प्रती हवेत पसरल्या की पुढच्या आठवड्यात पाण्याचा कंट्रोलही पॉझिटिव्ह येतो आणि खोली साफ करता करता हंगाम जातो. आहे तशी बंद पिशवीत घालून जैववैद्यकीय कचऱ्यात द्या.

कलमांच्या हंगामात रोज प्लेट भरणाऱ्या प्रयोगशाळेनं कडक चौकटीची, ०.२ मिलिलिटरची, अर्ध्या स्कर्टची प्लेट घ्यावी. शिकवण्यासाठी किंवा जेलपुरतं काम असेल तर अखंड पॉलिप्रॉपिलीनची चालेल, फक्त कोपऱ्यातले चार वेल रिकामे सोडा.