बुधवार पेठेतला छापा: कलम १४३ की १४४?

भारतीय न्याय संहितेचं १४३ हे मानवी तस्करीचं कलम, म्हणजे शोषणासाठी धाक, फसवणूक वा आमिष दाखवून माणूस आणणाऱ्या-ठेवणाऱ्यासाठी: ७ ते १० वर्षं, बालक असेल तर १० वर्षं ते जन्मठेप. पीडितेची संमती इथे गैरलागू. १४४ अशा तस्करी झालेल्या व्यक्तीचं लैंगिक शोषण करणाऱ्यासाठी: ३ ते ७ वर्षं, बालक असेल तर ५ ते १०.

खटला घसरतो तो बहुधा १४४ मध्ये. तस्करी झाल्याचं गिऱ्हाईकाला माहीत होतं किंवा तसं मानायला कारण होतं, हे सिद्ध करावं लागतं. म्हणून बाहेरून कडी लावलेली खोली, मारहाणीच्या खुणा पंचनाम्यात हव्यातच. वीटभट्टीवर राबवलं असेल तर १४४ कामाचं नाही, १४३ तपासायचं. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असला तर १४४ च्या जागी जुन्या भारतीय दंड संहितेचं ३७०-अ.