नको झालेला टॅटू: झाकायचा, बदलायचा की काढायचा?

माझ्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला प्राजक्ताची फांदी आहे आणि तिच्याखाली एक नाव आहे. १९व्या वर्षी जत्रेत बॅटरीच्या मशीनवर पाच मिनिटांत गोंदवून घेतलेलं ते नाव पुढं १२ वर्षं मी घड्याळाच्या पट्ट्याखाली लपवत होते. माझ्या चुलतभावाच्या उजव्या दंडावर, बाहेरच्या बाजूला, सिंहाचं तोंड आहे. चांगल्या स्टुडिओत, चांगले पैसे मोजून काढलेलं, आणि त्याला ते आजही आवडतं. पण त्याला सैन्यात जायचंय. पहाटे पाचला कोरेगाव रस्त्यावर धावणाऱ्या पोरांत तोही असतो. धावणं पास झालं, मेडिकलला दंडाकडे बघून त्याला बाजूला काढलं.

तो घरी आला तेव्हा पहिला प्रश्न हाच होता, "ताई, तुझ्यासारखं यावर दुसरं काहीतरी काढून घेतलं तर?"

त्या प्रश्नामुळंच हे लिहिते आहे. आम्हा दोघांनाही जुना टॅटू नको होता, पण गरज एक नव्हती. मला ते नाव कुणाला वाचता येऊ नये एवढंच हवं होतं. त्याला तिथली कातडी कोरी हवी होती. कव्हरअप, म्हणजे जुन्या टॅटूवर नवा काढून तो झाकणं, फक्त माझं काम करतो. त्याच्यासाठी तो सगळ्यांत वाईट पर्याय होता, आणि जवळच्याच एका स्टुडिओत त्याला तोच सुचवला गेला होता.

सैन्याचा नियम असा आहे: कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो, शरीरावर इतर कुठंही चालत नाही. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या प्रथेनुसार सवलत आहे. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय दलांत आणखी कडक आहे. हाताच्या आतल्या बाजूला, तोही डाव्याच, कारण उजवा सलामीचा. किंवा पंजाच्या मागच्या बाजूला. मजकूर म्हणजे नाव किंवा धार्मिक चिन्ह, आणि आकार त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी. म्हणजे माझं जत्रेतलं वेडंवाकडं नाव नियमात बसतं आणि त्याचा देखणा सिंह बसत नाही. सिंहावर गुलाब काढा, मोर काढा, दंडावरचा टॅटू दंडावरच राहणार. नियमात बसणारा छोटा टॅटूसुद्धा झाकायला गेलात तर वाढून पाव भागाच्या बाहेर जाऊ शकतो. भरतीची तयारी करणाऱ्याने त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचावी आणि कव्हरअपचा विचार सोडून द्यावा.

आता ज्यांना भरतीचा प्रश्न नाही त्यांच्यासाठी.

झाकणं

भिंतीला रंग देताना वरचा हात खालच्याला झाकतो. कातडीत तसं होत नाही. शाई एक ते दोन मिलिमीटर आत असते. नवी शाई जुनीच्याच शेजारी जाऊन बसते आणि डोळ्याला दोन्ही मिळून दिसतात. निळसर पडलेल्या काळ्यावर पिवळा भरला तर मळका हिरवट रंग दिसतो. पांढऱ्याने काळं झाकलं जात नाही. त्यात आपली कातडी गव्हाळ किंवा सावळी. तिच्या वरच्या थरातलं मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, मध्ये येतं, त्यामुळं फिके रंग मुळातच दबलेले दिसतात.

म्हणून कव्हरअप नेहमी जुन्यापेक्षा गडद असतो आणि मोठा असतो. साधारण दोन ते तीन पट धरून चाला. चांगला कलाकार नव्या चित्रातला सर्वांत गडद भाग जुन्याच्या सर्वांत गडद भागावर आणतो आणि मोकळ्या कातडीवर उजेड ठेवतो, म्हणजे डोळा तिकडं जातो. पानं, पिसं, आयाळ, फुलांच्या पाकळ्या असे दाट आणि वळणावळणाचे आकार यासाठी बरे. मला प्राजक्ताची पांढरी फुलं नेमकी नावावर हवी होती. कलाकाराने सरळ नाही म्हटलं. फुलं त्याने नावाच्या बाहेर, कोऱ्या जागेत काढली आणि नावावर पानं आणली.

एक गोष्ट इंग्रजी व्हिडिओंत कुणी सांगणार नाही. देवनागरी नाव झाकणं रोमन अक्षरांपेक्षा अवघड असतं, आणि त्याचं कारण शिरोरेखा. अक्षरांची वळणं पानांत हरवतात, पण वरची सरळ, जाड, सलग रेघ हरवत नाही. गुलाबाच्या पाकळ्यांतून ती रुळासारखी आडवी दिसत राहते. तिला लपवण्यापेक्षा तिचंच काहीतरी करावं लागतं. माझ्या हातावर ती फांदी झाली. कुणाच्या हातावर तलवारीचं पातं होईल, बासरी होईल, मोरपिसाचा दांडा होईल. कलाकाराला पहिल्याच भेटीत विचारा, "या वरच्या रेघेचं काय करणार?" त्याच्याकडे उत्तर नसेल तर दुसरा शोधा.

दुसरी खूण म्हणजे तो आधी काय करतो. तुमच्या हातावरच्या जुन्या टॅटूचं माप घेऊन ट्रेस काढतो की मोबाइलमधली तयार चित्रं दाखवतो? तयार चित्रातून कव्हरअप होत नाही. आणि त्याने केलेल्या जुन्या कव्हरअपचे फोटो मागताना त्याच दिवशीचे नकोत, सहा महिन्यांनंतरचे मागा. ताजी काळी शाई सगळं गिळून टाकते. जखम भरून शाई बसली की खालचं चित्र वर डोकावायला लागतं.

काही कातड्यांवर कव्हरअप करूच नये. जत्रेतल्या मशीनने खोल टोचल्यामुळं रेघा फुगल्या असतील तर वरून काहीही काढा, आडव्या उजेडात जुना आकार दिसतोच. तुमचे वण वाढत जात असतील तर नवी सुई आणखी वण करेल. आणि टॅटूचा एखादा रंग, बहुतेकदा लाल, खाजत असेल किंवा वर आला असेल तर ती ॲलर्जी असू शकते. तेव्हा स्टुडिओ नको, लेझरही परस्पर नको, आधी त्वचारोगतज्ज्ञ.

लेझरने काढणं

इथं शाई झाकत नाहीत, फोडतात. सेकंदाच्या अब्जांश भागात मोजावा इतक्या छोट्या झटक्यात प्रकाश सोडला जातो, त्याने शाईचे कण तुटतात आणि पुढचे काही आठवडे शरीर ते हळूहळू वाहून नेतं. टॅटू कायम का राहतो याचं उत्तर यातच आहे. शाईचे कण गिळून बसलेल्या पेशी मेल्या की तीच शाई शेजारच्या नव्या पेशी उचलतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर हे दाखवून दिलं. म्हणून एका सिटिंगमध्ये काम होत नाही, आणि दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात.

दुखतं. सुन्न करणारं क्रीम लावूनही गरम तेलाचे शिंतोडे उडावेत तसं लागतं. लगेच पांढरट थर येतो, थोड्या वेळात ओसरतो. नंतर कधी फोड, मग खपली. मला सुईपेक्षा लेझर जास्त लागला, पण प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटांचाच होता.

सावळ्या कातडीसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर हा सर्वांत सुरक्षित प्रकार मानला जातो आणि काळ्या शाईवर तो चांगलं काम करतो. लाल-नारिंगीसाठी त्याच मशीनचा ५३२ नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात, पण तो मेलॅनिनही पकडतो, त्यामुळं पांढरे किंवा काळे डाग पडण्याचा धोका वाढतो. हिरवा आणि आकाशी चिवट. पांढरी किंवा कातडीच्या रंगाची शाई लेझरने उलट काळी पडू शकते.

पार्लरमध्ये केस काढायचं लेझर असतं, "त्यानेच टॅटूही काढतो" असं कुणी सांगितलं तर उठून या. त्या मशीनचा झटका लाखो पट लांब असतो. शाई फुटत नाही, कातडी भाजते. साताऱ्यात, कराडला, सांगली-मिरजेत त्वचारोगतज्ज्ञ आहेत. मशीनचं नाव विचारा, आधी एका कोपऱ्यात छोटी चाचणी करायला सांगा.

किती सिटिंग लागतील याचा अंदाज बांधायला डॉक्टरांकडे २००९ सालची कर्बी-देसाई मोजपट्टी आहे. कातडीचा रंग, जागा, शाईचे रंग, शाईचं प्रमाण, वण आणि थरावर थर आहे का, अशा सहा गोष्टींचे गुण मिळवायचे. बेरीज म्हणजे साधारण तेवढी सिटिंग. भावाचे गुण आम्ही मांडले: सावळ्या कातडीचे ५, दंडाचे ४, फक्त काळ्या शाईचा १, दाट भरणीचे ४. एकूण १४. सहा आठवड्यांच्या अंतराने १४ सिटिंग म्हणजे ७८ आठवडे, दीड वर्ष. वयाची मर्यादा काही त्याच्यासाठी थांबणार नाही, म्हणून जाहिरात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आणि याच मोजपट्टीत थरावर थर असेल तर आणखी २ गुण चढतात. आधी झाकून पस्तावलात तर काढणं पहिल्यापेक्षा लांबतं. लेझरनंतर झाकता येतं, हे लक्षात ठेवून क्रम ठरवा.

मनगट, घोटा अशा हृदयापासून लांबच्या जागा सावकाश उतरतात, चेहरा-मान लवकर. माझ्या जत तालुक्यातल्या आतेबहिणीच्या हनुवटीवर लहानपणी आजीने गोंदवलेले ठिपके होते. नोकरीच्या गावी लोक विचारून हैराण करायचे. साधी काजळीची शाई, छोटी जागा, त्यात चेहरा. थोड्याच सिटिंगमध्ये निघाले. आत्या मात्र अजून हळहळते. मेल्यावर सोबत येतं ते गोंदणच, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. बहिणीने कपाळावरचा ठिपका आत्यासाठी ठेवला आहे.

बदलणं

हा सर्वांत स्वस्त पर्याय, पण तो थोड्यांनाच लागू पडतो. नियम एकच: वाढवता येतं, कमी करता येत नाही. राहिलेला अनुस्वार देता येतो, फिकी रेघ पुन्हा ओढता येते, बारीक अक्षर जाड करता येतं. पण 'आशिर्वाद' असं चुकीचं गोंदलं असेल तर दीर्घ वेलांटी उजवीकडे देऊन भागत नाही, डावीकडची ऱ्हस्व पुसावी लागते, आणि ती सुईने पुसली जात नाही. तेवढ्या एका वेलांटीसाठी लेझर घेऊन मग दुरुस्ती करता येते. गोंदवायच्या आधी शब्दकोश उघडणं फार सोपं होतं, हे मी अनेकांचे हात बघून सांगते.

फारच छोटा टॅटू असेल आणि घाई असेल तर कापून टाके घालण्याचाही मार्ग आहे. एक सरळ वण राहतो. भावाचा सिंह चार इंचांचा, तिथं ते शक्य नव्हतं. ऑनलाइन मिळणारी 'टॅटू रिमूव्हल' क्रीम, ॲसिड, मीठ घासणं यांचं नावही काढू नका. शाई खोल असते, जळते ती वरची कातडी.

मधला रस्ता

मी जो घेतला आणि नाव झाकू पाहणाऱ्या बहुतेकांना जो सुचवेन तो हा: आधी दोन ते चार सिटिंग लेझर, पूर्ण काढण्यासाठी नव्हे, फिकं करण्यासाठी. मग दोन-तीन महिने कातडीला विश्रांती. मग कव्हरअप. खालचं फिकं झालं की चित्र फार मोठं आणि काळंकुट्ट करावं लागत नाही. मी तीन सिटिंग घेतली. लेझर न घेता झाकलं असतं तर फांदी कोपरापर्यंत गेली असती, हे कलाकाराने कागदावर काढून दाखवलं होतं.

पैशांचा हिशोबही इथंच बदलतो. कव्हरअपचा दर बहुधा चौरस इंचावर असतो. २ × ३ चा टॅटू म्हणजे ६ चौरस इंच; तो झाकायला ४ × ५ चं चित्र लागलं तर २० चौरस इंचांचे पैसे. लेझरचं बिल सिटिंगच्या संख्येने वाढतं. दोन्ही ठिकाणी शेवटपर्यंतचा आकडा मागा, आणि पुण्याला जाणार असाल तर प्रत्येक सिटिंगच्या एसटीच्या भाड्याचा आणि बुडणाऱ्या दिवसाचाही धरा.

आपल्याकडे ऋतूही बघावा लागतो. उन्हाने रापलेल्या कातडीवर लेझर घेतला की डाग पडायची भीती जास्त. शेतात काम असेल तर दिवाळीनंतर सुरुवात करा आणि मार्च-एप्रिलमध्ये पूर्ण बाह्यांशिवाय बाहेर पडू नका. ताजी जखम घेऊन उसात शिरू नका, पाचट कापतं. कृष्णेत पोहायला जाऊ नका. घरचे हळद लावतील. सांगलीची असली तरी उघड्या जखमेवर नको, डॉक्टरांनी दिलेलं मलमच लावा. सुई नवी आहे ना, शाईची वाटी तुमच्यासमोर भरली ना, हे बघायला लाजू नका. हिपॅटायटिस आणि एचआयव्ही वापरलेल्या सुईतून येऊ शकतात, आणि जत्रेत एकच सुई किती हातांवरून फिरते हे मी १९व्या वर्षी विचारलं नव्हतं. झाकायला गेले तेव्हा पाकीट फोडताना बघितलं.

भावाची पाच सिटिंग झाली आहेत. डोळे आणि जबडा जवळपास गेले, आयाळ राखाडी होऊन राहिली आहे. सहावं सिटिंग पुढच्या महिन्यात. तोवर तो पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून धावतो.