शेपर्डचं मुंबईच्या रस्त्यांच्या नावांचं पुस्तक: मजकुराला पाच स्टार, मी मागवलेल्या छापील प्रतीला दोन

आधी प्रतीबद्दल लिहितो, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. सॅम्युअल टी. शेपर्डचं 'बॉम्बे प्लेस-नेम्स अँड स्ट्रीट-नेम्स' हे 1917 चं पुस्तक, टाइम्स प्रेसने काढलेलं, आता जुन्या पुस्तकांचे स्कॅन छापून विकणारे बरेच जण विकतात. त्यातल्याच एकाची प्रत मी ऑनलाइन मागवली. पॅकिंग चांगलं, वेळेत आली, कागदही जाड आहे. पण उघडून बघितलं तर आतल्या बाजूची अक्षरं शिवणीत गेलेली, म्हणजे पुस्तक पार फाकवल्याशिवाय ओळ पूर्ण वाचता येत नाही, आणि दोन पानं तर तिरकीच स्कॅन झालीयत. नावांच्या पुस्तकात एक अक्षर गेलं की नाव गेलं. रिटर्नची रिक्वेस्ट टाकली तर उत्तर आलं की जुन्या पुस्तकात असं असतंच. अहो जुन्या पुस्तकात नाही, तुमच्या स्कॅनमध्ये आहे. याचे दोन स्टार.

आता मजकूर. हा शेपर्ड टाइम्स ऑफ इंडियाचा माणूस. स्टॅन्ली रीड संपादक असताना त्यांच्या हाताखाली, मग 1923 ते 1932 स्वतः संपादक. रोजचा पेपर काढायचा म्हणजे काय असतं ते ज्याने न्यूजरूम बघितलीय त्याला माहितीय, संध्याकाळपर्यंत सगळी मेहनत रद्दीत. त्यातून वेळ काढून हा माणूस शहराचा इतिहास लिहीत होता. 1916 ला भायखळा क्लबचा इतिहास, 1917 ला हे, 1919 ला बॉम्बे व्हॉलंटियर रायफल्स या स्वयंसेवकांच्या पलटणीवर एक, आणि 1932 ला, संपादकपद सुटलं त्याच वर्षी, मुंबईवरच एक पुस्तक. क्लबचं आणि रायफल्सचं पुस्तक आज कोण उघडतं? पण रस्त्यांच्या नावांचं हे छोटंसं पुस्तक शंभर वर्षं होऊन गेली तरी लोक वापरतायत, आणि मला वाटतं त्याचं कारण म्हणजे यात तो बातमीदारासारखा वागलाय.

म्हणजे कसं, तर चर्नी रोड घ्या. एक म्हणणं असं की इथे गुरं चरायची, म्हणून चरणी. दुसरं म्हणणं, ठाण्याजवळच्या चेंदणी गावचे लोक गिरगावात येऊन राहिले आणि आपल्या गावाचं नाव घेऊन आले. दोन्ही दिलंय. ओढूनताणून एकच गोष्ट खरी करायची घाई नाही. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर भेंडी बाजार म्हणजे 'बिहाइंड द बझार' असं ठासून फिरवतात ना, त्यांनी जरा भेंडीच्या झाडांचंही वाचावं (भाजीची भेंडी नव्हे, किनाऱ्याकडे पिवळ्या फुलांचं मोठं झाड येतं ते). फणसवाडी, चिंचपोकळी, उमरखाडी, बाबुलनाथ, कसली कसली झाडं होती या शहरात! आता नावातच उरलीयत.

आणि वेळ बघा कुठली. 1896 ला प्लेग आला, 1898 ला शहर सुधारायला सरकारी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, दाटीवाटीच्या वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, आणि रस्ता नवा आला की नावही नवं. गल्ल्यांसोबत त्यांची नावंही चाललेली. अशा वेळी कोणीतरी ती वहीत टिपायला पाहिजे होती, ती याने टिपली. पुढे तीच साहेबी नावंही गेली, सँडहर्स्टचा सरदार पटेल झाला, हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी. बदललं ते चांगलंच झालं असं माझं मत आहे, पण आधी काय होतं तेही कळायला हवं ना. जुनी बातमी, जुनं खरेदीखत, आजोबांचं पत्र वाचताना पत्ताच लागत नाही नाहीतर.

कमतरताही सांगतो. माणूस इंग्रज, इंग्रजी पेपरच्या खुर्चीतून बघणारा, त्यामुळे साहेबांच्या नावाच्या रस्त्यांची माहिती भरपूर आणि वाड्या, चाळी, मंदिरांकडे तेवढं लक्ष नाही. मराठी नावांचं इंग्रजी स्पेलिंग मोठ्याने वाचून बघावं लागतं, मग अचानक 'अरे हे आपलं अमुक' असं होतं. म्हणून हे एकटं वाचू नका. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' 1863 चं, याच्या चोपन्न वर्षं आधीचं आणि आपल्या भाषेत, ते शेजारी ठेवा. आणि नंतरच्या काळासाठी लोकसत्तेचे संपादक होते ते अरुण टिकेकर, त्यांचं लेखन. टिकेकर वाचताना जाणवतं की पेपरवाला माणूस ग्रंथालयात रमला की शहराला काय काय मिळू शकतं.

मी हे पुस्तक घेऊन दोन रविवार सकाळी फिरलो, चर्नी रोड स्टेशनपासून ठाकूरद्वार, मग कांदेवाडी, फणसवाडी. आई ऐंशीच्या घरात, तिला चालवत नाही. घरी येऊन मी तिला एकेक नाव वाचून दाखवलं. व्ही. पी. रोडला ती अजूनही बॅक रोडच म्हणते आणि आम्ही भावंडं लहानपणापासून तिला सुधारत आलो, आई विठ्ठलभाई पटेल रोड म्हण गं. 1917 साली तो गिरगाव बॅक रोडच होता. तिला सांगितलं तर म्हणाली, मग मी काय वेगळं सांगत होते इतकी वर्षं?

तर घ्यायचं असेल तर काय करा, हे पुस्तक इंटरनेट आर्काइव्हच्या साइटवर फुकट आहे आणि तिथला स्कॅन माझ्या छापील प्रतीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. मी शेवटी तोच प्रिंट करून नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल मारून घेतला, आईसाठी अक्षर जरा मोठं करून. तिने उशाशी ठेवलाय. विकतची प्रत पडलीय कपाटात.